यादीत असलेला शब्द कोशात का सापडत नाही: टर्मिनलवरच्या ऑफलाइन कोशाचे एक प्रकरण

इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम चालणारा एक संगणक. मजकूर गोपनीय असल्याने त्याला नेटवर्क जोडलेलेच नाही; फायली येतात-जातात त्या पेनड्राइव्हवरून. प्रणाली डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. काम करणारे दिवसभर टर्मिनल आणि मजकूर-संपादकातच असतात, त्यामुळे माऊस हातात न घेता अर्थ बघता आला पाहिजे ही अट. कोश तीन हवे होते: इंग्रजी व्याख्यांसाठी जीसीआयडीई, समानार्थी शब्दांसाठी वर्डनेट, आणि स्वतःची परिभाषा, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये वाढत गेलेली सुमारे सहा हजार ओळींची मराठी-इंग्रजी यादी.

पहिले दोन कोश फारसा त्रास न देता चालू झाले. तिसऱ्याने मात्र छळले. यादीची फाईल उघडली की शब्द डोळ्यांसमोर दिसायचा आणि टर्मिनलवर विचारला की कोश 'नाही' म्हणायचा. तेही सगळ्याच शब्दांना नाही. सगळेच शब्द नापास झाले असते तर मार्गाची किंवा नावाची चूक म्हणून पाच मिनिटांत सापडली असती. काही सापडतात, काही नाही, हे लक्षण जास्त बोलके असते: अर्थाचा मजकूर शाबूत असतो, बिघाड सूचीत किंवा अक्षरांच्या बाइटमध्ये असतो.

(आज्ञा, पर्याय आणि फाईलनामे खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टंकायची. मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.)

इंग्रजी बाजू: डिक्टडी

डिक्टडी ही सेवा आणि डिक्ट हा तिचा ग्राहक. दोघे ज्या शिष्टाचाराने बोलतात तो आरएफसी २२२९ म्हणून ऑक्टोबर १९९७मध्ये प्रसिद्ध झाला, पोर्ट २६२८. एकाच संगणकावर सेवा आणि ग्राहक असा संसार मांडणे अतिरेकी वाटेल. फायदा हा की मजकूर-संपादक, कर्ल, नेटकॅट, कोणीही त्याच पोर्टवर जाऊन शब्द विचारू शकतो. नेटकॅटने जोडून 'डिफाइन', कोशाचे नाव आणि शब्द दिला की उत्तर आकड्यांनी येते: १५० म्हणजे इतक्या व्याख्या मिळाल्या, १५१ म्हणजे ही त्यातली एक, २५० म्हणजे संपले, ५५२ म्हणजे जुळणी नाही, ५५० म्हणजे त्या नावाचा कोशच नाही. ५५२ आणि ५५० यांतला फरक लक्षात ठेवावा, निम्मे निदान तिथेच होते.

बसवणे सोपे आहे. इंटरनेट असलेल्या, त्याच आवृत्तीच्या डेबियनवर डिक्टडी, डिक्ट, डिक्ट-जीसीआयडीई आणि डिक्ट-डब्ल्यूएन ही पॅकेजे 'ॲप्ट-गेट डाउनलोड'ने उतरवून घ्यायची, शा२५६समने फायलींच्या पडताळणीच्या बेरजा घ्यायच्या, पेनड्राइव्हवरून नेऊन पुन्हा ताडायच्या आणि सगळ्या डेब फायली एकाच 'डीपीकेजी -आय' आज्ञेत द्यायच्या. एकेक दिली तर अवलंबनाच्या क्रमावरून कटकट होते. कोशांची पॅकेजे कुठल्याही प्रोसेसरला चालतात. डिक्टडी आणि डिक्ट मात्र त्या संगणकाच्याच जातीचे हवेत, आणि त्यांना लागणारी एखादी लायब्ररी तिकडे नसेल तर डीपीकेजी तिचे नाव सांगते, तीही आणावी.

इथे एक अडचण हमखास येते. डिक्टची मांडणी-फाईल, म्हणजे ईटीसीमधल्या डिक्टडी निर्देशिकेतली डिक्ट डॉट कॉन्फ, हिच्यात मुळातच दोन सर्व्हर लिहिलेले असतात: आधी लोकलहोस्ट, मग इंटरनेटवरचा डिक्ट डॉट ऑर्ग. स्थानिक सेवा काही कारणाने बंद असेल तर ग्राहक मुकाट्याने दुसऱ्याकडे वळतो, आणि पडद्यावर चूक दिसते ती डिक्ट डॉट ऑर्ग सापडत नसल्याची. बघणाऱ्याला वाटते की कोश ऑफलाइन चालतच नाही. नेटवर्क नसलेल्या संगणकावर ती दुसरी ओळ काढूनच टाकावी, म्हणजे चूक जिथली आहे तिथलीच दिसेल.

जीसीआयडीईबद्दल एक सावधगिरी. त्याचा गाभा १९१३चा वेबस्टर आहे. जुन्या साहित्यातल्या, कायद्याच्या आणि वनस्पतींच्या शब्दांना तो उत्तम; पण त्या १९१३च्या गाभ्यात 'कॉम्प्युटर'चा अर्थ हिशेब करणारा माणूस असाच आहे. म्हणून दोन्ही कोश ठेवायचे आणि आधी वर्डनेट दाखवायचा. वर्डनेट ३.०मध्ये १,५५,२८७ शब्द आणि १,१७,६५९ समानार्थी गट आहेत. डिक्टडीमार्फत त्यातले अर्थ मिळतात, पण रूपे ओळखण्याची सोय मिळत नाही. ती हवी असेल तर वर्डनेटचे स्वतःचे पॅकेज बसवून त्याची 'डब्ल्यूएन' आज्ञा वापरावी. ती 'रनिंग'वरून 'रन'पर्यंत स्वतः पोहोचते. डिक्टडी पोहोचत नाही. ती फार तर जवळचे शब्द सुचवते.

स्क्रिप्टमध्ये डिक्ट वापरायची असेल तर तिचा परत येणारा आकडा पाहावा: ० म्हणजे सापडले, २० म्हणजे काहीच नाही, २१ म्हणजे हा शब्द नाही पण जवळचे आहेत. नुसता 'शून्य आहे की नाही' एवढेच पाहिले तर २१मधल्या सूचना वाया जातात.

परिभाषेसाठी वेगळा मार्ग का

यादीही डिक्टडीमध्येच घालता आली असती. डिक्टफॉरमॅट (आज्ञा 'डिक्टएफएमटी') साध्या मजकुरापासून सूची आणि कोश बनवते. तो मार्ग सोडण्याचे एक कारण रोजच्या सोयीचे: यादी सतत बदलते, आणि प्रत्येक बदलानंतर सेवा पुन्हा सुरू करावी लागते, त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात.

दुसरे कारण लिपीचे आहे. डिक्टफॉरमॅट मुळात अक्षरे, अंक आणि मोकळी जागा एवढ्याच गोष्टी शोधासाठी धरते, बाकीची चिन्हे गाळते. इंग्रजीत गाळली जातात ती संयोगचिन्हे आणि लोपचिन्हे, म्हणून कोणाला खटकत नाही. देवनागरीचा हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), यू+०९४डी, युनिकोडच्या (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) वर्गीकरणात अक्षर नाही. तो गळला की 'वर्ण' आणि 'वरण' एक, 'खर्च' आणि 'खरच' एक. याला उपाय आहे: '--यूटीएफ८' आणि '--ऑलचार्स' हे दोन्ही पर्याय द्यायचे. शिवाय सेवेला यूटीएफ-८ लोकेलही (भाषा आणि अक्षरपद्धत ठरवणारी मांडणी; यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडची अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) द्यावे लागते, आणि ते सूची लावताना होते तेच हवे. चालते, पण तीन ठिकाणी एकच गोष्ट बरोबर असावी लागते. दर आठवड्याला बदलणाऱ्या यादीसाठी ही रचना नाजूक.

म्हणून परिभाषेसाठी स्टारडिक्टचा साचा आणि तो वाचणारी 'एसडीसीव्ही' ही आज्ञा निवडली. सेवा नाही, पोर्ट नाही. घरच्या निर्देशिकेतल्या डॉट-स्टारडिक्टमधल्या 'डिक' उपनिर्देशिकेत फायली टाकल्या की झाले. 'एसडीसीव्ही -एल'ने कोशांची यादी दिसते. '-यू'ने एकच कोश निवडता येतो, मात्र तिथे फाईलचे नाव चालत नाही, आयएफओ फाईलमधले 'बुकनेम' जसेच्या तसे द्यावे लागते.

स्टारडिक्टच्या कोशात किमान तीन फायली. आयएफओ ही ओळख: आवृत्ती, नाव, शब्दसंख्या, सूचीचा बाइटमधला आकार. आयडीएक्स ही सूची: प्रत्येक नोंदीत शब्द यूटीएफ-८मध्ये, मग एक शून्य बाइट, मग चार बाइटमध्ये अर्थ कुठून सुरू होतो आणि चार बाइटमध्ये तो किती लांब. डिक्ट फाईलमध्ये नुसते अर्थ, एकामागून एक. (ती डीझेड रूपात आकसलेली असेल तर डिक्टझिपनेच आकसलेली हवी. तिचा साचा जीझिपशी सुसंगत असला तरी शीर्षभागात तुकड्यांचा तक्ता असतो, म्हणून हवा तेवढाच भाग उलगडता येतो. कोणी 'गनझिप' करून पुन्हा साध्या जीझिपने बांधली की तो तक्ता गेला.)

तपास

आधी दोन संशयित वगळले.

पहिला संशयित टर्मिनल. एक्सटर्मवर देवनागरीच्या मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटलेली दिसतात. साध्या लिनक्स कन्सोलवर तर फॉन्टमध्ये ५१२हून अधिक आकृत्या बसतच नाहीत. कोन्सोल किंवा एमएलटर्मवर तोच मजकूर नीट दिसतो. दिसणे वाईट असले तरी शोधावर त्याचा परिणाम होत नाही. उलटही खरे: दिसायला चोख असलेला शब्द आतून चुकीचा असू शकतो, आणि या प्रकरणात तेच घडत होते.

दुसरा संशयित लोकेल. एसडीसीव्ही टंकलेला शब्द चालू लोकेलमधून यूटीएफ-८मध्ये आणते. लोकेल 'सी' असेल तर देवनागरी शब्द बदलता येत नाही असा संदेश देऊन ती थांबते. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सेवा) किंवा संपादकातून आज्ञा चालवली की लोकेल कोरे असण्याची शक्यता मोठी. तिथे '-०' आणि '-१' हे पर्याय देऊन बाहेरचा आणि आतला दोन्ही मजकूर यूटीएफ-८ मानायला सांगता येते. पण लोकेलची चूक असती तर एकही मराठी शब्द सापडला नसता.

मग थेट बाइट पाहिले. सापडत नसलेला शब्द यादीतून ग्रेपने उचलून 'ओडी -एएन -टीएक्स१'मध्ये (पहिल्या पर्यायातला ए मोठा) टाकला, आणि तोच शब्द हाताने टंकून पुन्हा त्याच आज्ञेत टाकला. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्यावर कारणे एकेक करून बाहेर आली. ती चार प्रकारची निघाली आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

सर्वांत मोठा गट अर्ध्या र-चा. 'दुसऱ्या', 'ऱ्हास', 'दऱ्या' यांतला तो र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत यू+०९३१ आणि हलन्त. बाइट ई० ए४ बी१, ई० ए५ ८डी. दुसरीत साधा र म्हणजे यू+०९३०, हलन्त आणि वर अदृश्य जोडक यू+२००डी. बाइट ई० ए४ बी०, ई० ए५ ८डी, ई२ ८० ८डी. पडद्यावर दोन्ही सारखेच. जुन्या कळफलकांनी दुसरी तऱ्हा यादीत भरली होती, हल्लीचा कळफलक पहिली टंकतो. युनिकोडचे सामान्यीकरण, म्हणजे एनएफसी, या दोघांना एक करत नाही. ते फक्त 'र अधिक नुक्ता' याचे यू+०९३१ करते.

तीच गत 'ॲ'ची. ॲ हे स्वतंत्र अक्षर यू+०९७२ युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी 'अ' आणि चंद्र यांची जोडी लिहीत, कधी मध्ये अदृश्य जोडक घालून, कधी न घालता. म्हणजे एकाच 'ॲप'ची तीन रूपे, आणि एनएफसीच्या लेखी तिन्ही वेगळी. जुन्या फॉन्टमधून रूपांतरित झालेल्या मजकुरात 'ऑ'ऐवजी 'आ' आणि चंद्र अशी जोडीही सापडते.

दुसरा गट क्रमाचा. सूचीतला शोध दुभाजन पद्धतीने होतो: मधला शब्द बघायचा, हवा तो आधी की नंतर ते ठरवायचे, निम्मा भाग सोडायचा. त्यामुळे सूची ज्या क्रमाने लावली आहे तोच क्रम वाचणाऱ्याने धरला पाहिजे. स्टारडिक्टचा क्रम ठरलेला आहे: आस्की अक्षरांपुरता लहान-मोठा भेद सोडून, मग शुद्ध बाइटने. देवनागरीसाठी म्हणजे युनिकोडच्या क्रमांकाने. आयडीएक्स फाईल बनवणारी जुनी पायथॉन स्क्रिप्ट मात्र स्प्रेडशीटमधल्या क्रमाने ओळी लिहीत होती, आणि स्प्रेडशीटने यादी मराठी वर्णक्रमाने लावलेली होती. मराठीत ळ ह-नंतर येतो, क्ष आणि ज्ञ सर्वांत शेवटी. युनिकोडमध्ये ळ ल-च्या पाठोपाठ बसतो, क्ष क-च्या पोटात, ज्ञ ज-च्या. त्यामुळे 'क्षेत्र', 'ज्ञान', 'वेळ' यांसारखे शब्द आणि त्यांच्या आसपासचे काही निरपराध शब्द हरवत होते. हे निरपराध शब्दच तपास भरकटवतात, कारण त्यांच्या बाइटमध्ये काहीही वावगे नसते. सूची-क्रमाची चूक ओळखण्याची खूण हीच: शब्द बाइटनिशी बरोबर आहे, पूर्ण मजकूर शोधात ('|' लावून) त्याचा अर्थ सापडतो, पण थेट विचारला तर नाही.

तिसरा गट फाईलच्या कडांचा. पहिल्या ओळीच्या आधी ईएफ बीबी बीएफ ही तीन बाइटची, मजकूर यूटीएफ-८ असल्याची खूण होती, म्हणून यादीतला पहिला शब्द कधीच सापडला नसता. ओळींच्या शेवटी विंडोजचे सीआर चिन्ह होते. ते अर्थाच्या भागात असल्याने शोध बिघडवत नाही, पण टर्मिनलवर ओळी एकमेकींवर छापल्या जातात. स्प्रेडशीटच्या ज्या चौकटीत ओळ तोडलेली होती तिचे टॅब-फाईलमध्ये दोन तुकडे झाले होते, त्यातल्या दुसऱ्याला शब्दच नाही. 'ऑक'ला टॅब हा विभाजक देऊन दोनपेक्षा कमी-जास्त रकाने असलेल्या ओळी छापल्या की असे सगळे तुकडे एका नजरेत येतात. ते हातानेच जोडावेत, अर्थाच्या आत ओळ हवी तिथे उलटी तिरकी रेघ आणि एन लिहावे.

चौथा गट लहानसा, पण कोड्यात टाकणारा. स्टारडिक्टच्या सूचीत शब्दाची लांबी २५६ बाइटपेक्षा कमी हवी. इंग्रजीत ही मर्यादा कधी आठवतही नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, मात्रा आणि हलन्तही स्वतंत्र मोजले जातात, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. परिभाषेत कायद्याची आख्खी वाक्ये 'शब्द' म्हणून घातलेली होती. त्यांचा पहिला, ओळखता येईल इतका भाग शब्दाच्या जागी ठेवून पूर्ण वाक्य अर्थात ढकलले.

दुरुस्ती

यादीतली रूपे एकसारखी करणे हा अर्धाच उपाय. टंकणारा उद्या वेगळ्या कळफलकावरून जुनी तऱ्हा टंकेल आणि पुन्हा तोच खेळ. म्हणून एकच गाळणी तयार केली, आणि ती दोन्हीकडे लावली: कोश बनवताना शब्दाच्या रकान्याला, विचारताना टंकलेल्या शब्दाला.

गाळणीत आधी 'यूकॉन्व्ह'ने एनएफसी (ही आज्ञा आयसीयू-डेव्हटूल्स पॅकेजात मिळते), मग सेडचे (मजकुरात अदलाबदल करणारी आज्ञा) नियम, याच क्रमाने: यू+०९३० यू+०९४डी यू+२००डी यांच्या जागी यू+०९३१ यू+०९४डी. यू+०९०५, असला तर यू+२००डी, आणि यू+०९४५ यांच्या जागी यू+०९७२. यू+०९०६ यू+०९४५ यांच्या जागी यू+०९११. सर्वांत शेवटी उरलेले यू+२००डी, यू+२००सी आणि यू+एफईएफएफ पुसून टाकणे. सेडमध्ये हे बाइटने लिहावे आणि आज्ञेआधी 'एलसी_ऑल=सी' (रोमनमध्ये सगळी मोठी अक्षरे) द्यावे, म्हणजे लोकेलचा लोचा मध्ये येत नाही.

क्रम बदलला तर मात्र नुकसान. अदृश्य जोडक आधी पुसला की 'दर्‍या'चे 'दर्या' होते. डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्र झाला, आणि तोही चुकीचा वाटणार नाही असा, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. अशी चूक नंतर कुठल्याही तपासणीत पकडता येत नाही.

गाळणी अर्थाच्या रकान्याला लावू नये. तिथे मराठी उदाहरणे असतील तर जोडक मुद्दाम घातलेला असू शकतो. 'कट'ने दोन रकाने वेगळे करायचे, पहिल्यावर गाळणी चालवायची, 'पेस्ट'ने पुन्हा जोडायचे. ओळींची संख्या आधी-नंतर 'डब्ल्यूसी -एल'ने ताडावी. एक ओळ जरी सरकली तरी पुढचे सगळे अर्थ शेजाऱ्याच्या घरी जातात. गाळणीनंतर काही शब्द दुहेरी निघतात, कारण आधी जी दोन रूपे होती ती आता एक झाली. त्यांचे अर्थ एकाच ओळीत आणावेत. दोन्ही ओळी दाखवणे एसडीसीव्हीच्या आवृत्तीवर सोडू नये.

घरची पायथॉन स्क्रिप्ट रद्द केली. तिच्या जागी पायग्लॉसरी (कोशांचे साचे बदलणारे साधन): टॅब-फाईल आणि आयएफओ फाईलचे नाव दिले की क्रम, आकडे, तिन्ही फायली ती स्वतः नीट लावते. इंटरनेटशिवाय बसवायला तिची व्हील फाईल 'पिप डाउनलोड'ने बाहेर घ्यायची आणि आत 'पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स'ने बसवायची. डेबियन १२पासून पिप प्रणालीच्या पायथॉनमध्ये हात घालू देत नाही, म्हणून आधी 'वेन्व्ह', म्हणजे पायथॉनची वेगळी जागा, करून त्यात बसवावे. आयएफओमधला शब्दांचा आकडा हाताने दुरुस्त करण्याच्या भानगडीत मात्र कधीच पडू नये. मूळ फक्त टॅब-फाईल. बाकी सगळे तिच्यापासून दर वेळी नव्याने बनवायचे.

पडताळणी पूर्ण यादीची करावी, चार शब्द विचारून नव्हे. टॅब-फाईलचा पहिला रकाना एकेक ओळ वाचायचा आणि प्रत्येक शब्दाला एसडीसीव्ही '-एन -ई -जे' या पर्यायांनी विचारायचे: प्रश्नोत्तर नको, नेमकी जुळणीच हवी, उत्तर जेसन या साच्यात. रिकामा चौकटी कंस परत आला की तो शब्द वेगळ्या फाईलमध्ये लिहायचा. '-ई' विसरू नये. तो नसेल तर एसडीसीव्ही जवळचे शब्द पुढे करते, आणि देवनागरीतल्या छोट्या शब्दांना एक-दोन चिन्हांच्या फरकाने काहीही जुळते. सगळे पास दिसतात. लूपमध्ये आज्ञेचे इनपुट 'डेव्ह नल' या रिकाम्या फाईलवरून द्यावे, नाहीतर एखादी आज्ञा यादीच्याच ओळी गिळण्याचा धोका राहतो.

पुढच्या वेळी आलेली अडचण

दुरुस्त कोश पडताळणीत पूर्ण उतरला. नंतरची नवी आवृत्ती टाकल्यावर पुन्हा काही शब्द गायब, आणि या वेळी बाइट, क्रम, सगळे शुद्ध. दोष साठवणीत होता. एसडीसीव्ही सूचीची पाने कुठे सुरू होतात त्याची नोंद घरच्या निर्देशिकेतल्या डॉट-कॅशखाली, एसडीसीव्ही या नावाने ठेवते, आणि ती नोंद सूचीपेक्षा नवी असेल तर बिनदिक्कत वापरते. 'आरसिंक -ए' किंवा 'सीपी -पी'ने फायली आणल्या की त्यांच्यावर मूळची तारीख राहते. कोश सोमवारी बाहेर बनला, मंगळवारी आतल्या जुन्या कोशाची नोंद तयार झाली, बुधवारी सोमवारचा कोश आत आला: नवा कोश नोंदीपेक्षा जुना ठरला आणि जुनी पाने नव्या सूचीला लागली. कोश टाकणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आयडीएक्स फाईलला 'टच' करणारी एक ओळ घातली की प्रश्न मिटतो.

रोजचा वापर

शेलमध्ये 'अर्थ' नावाचे छोटे फंक्शन केले आहे. (रोमनमध्ये ए-आर-टी-एच, मराठी-इंग्रजी कळफलक बदलायला लागू नये म्हणून.) ते शब्द गाळणीतून नेते, आधी परिभाषा विचारते, शब्द रोमन लिपीत असेल तर मग वर्डनेट आणि शेवटी जीसीआयडीई, आणि सगळे 'लेस -एफआरएक्स' या पेजरमध्ये (उत्तर पानापानाने दाखवणारी आज्ञा) ओतते (हे तिन्ही पर्याय मोठ्या अक्षरांत): उत्तर एका पडद्यात मावले तर लेस थांबत नाही. डिक्टला स्वतःचा पेजर उघडू देऊ नये, दोन पेजर एकमेकांच्या पायात येतात.

परिभाषा मराठी-इंग्रजी असली तरी इंग्रजीकडून मराठी शब्द हवा तर शब्दाआधी उभी रेघ लावून पूर्ण मजकूर शोध करता येतो. शब्द आणि रेघ दोन्ही एकेरी अवतरणात ठेवावीत, नाहीतर शेल रेघेला पाइप समजते. तारांकित शोधालाही हेच लागू, कारण तारा आधी शेलच उलगडते.

विभक्तीची रूपे हा उरलेला प्रश्न. एसडीसीव्ही इंग्रजी शब्दांच्या शेवटचे एस, ईडी, आयएनजी काढून बघते, मराठीचे तिला काही ठाऊक नाही. 'पाण्याचा' विचारला तर 'पाणी' येणार नाही. 'पाण*' विचारला तर येतो, आणि बहुतेक शब्दांना एवढे पुरते. 'देऊळ'सारख्या शब्दांना पुरत नाही: सामान्यरूप 'देवळा', समान भाग फक्त 'दे', आणि 'दे*'ला पडदाभर उत्तरे येतात. अशा शब्दांपुरते टॅब-फाईलमध्ये उभ्या रेघेने पर्यायी रूप जोडावे, 'देऊळ|देवळा'. पायग्लॉसरी त्याची वेगळी एसवायएन फाईल बनवते आणि दोन्ही रूपे एकाच अर्थाकडे नेतात. 'कापूस', 'पाऊस', 'जाऊ' यांसारख्या, मधला स्वर बदलणाऱ्या शब्दांसाठी हे करण्यासारखे आहे. सरसकट सगळ्या शब्दांची सगळी रूपे घालू नयेत, तारांकित शोधात तीच रूपे पुन्हा पुन्हा पुढे येतात आणि हवा तो शब्द गर्दीत जातो.